कोर्लई : खाडीपलीकडचं छोटं गाव आणि कुठल्याच यादीत न सापडणारी त्याची भाषा

मुरुड : अलिबागहून काशीदकडे निघालात की चौल, रेवदंडा मागे पडतं, कुंडलिका खाडीवरचा पूल लागतो आणि साळावच्या फाट्यावर गाडी उजवीकडे वळते. थोडं पुढे गेलं की समुद्रात घुसलेला एक लांबट, अरुंद डोंगर दिसतो. त्याच्या पाठीवर तटबंदी, कुशीत दीपगृह आणि पायथ्याशी घरं. हे कोर्लई, तालुका मुरुड, अलिबागपासून अंदाजे वीस-बावीस किलोमीटर. शनिवार-रविवारी हजारो गाड्या या रस्त्याने काशीदला जातात. त्यातल्या बहुतेकांना कोर्लई म्हणजे किल्ला एवढंच माहीत असतं. मधल्या काळात जमिनीच्या एका राजकीय वादामुळे गावाचं नाव टीव्हीवर रोज यायचं, तेव्हा राज्यभरातल्या लोकांना ते कळलं. पण त्या बातम्यांत गाव कुठेच नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात मोठी गावं पुष्कळ आहेत. पण इतक्या लहान जागेत इतक्या तऱ्हेची माणसं आणि त्यातल्या काहींच्या घरात जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही अशी भाषा, असं गाव हे एकच. म्हणून ही ओळख.

गावात राहतं कोण?

डोंगराच्या पायथ्याला, समुद्राच्या अंगाला कोळीवाडा. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीवाड्यात दिसेल तेच. त्याशिवाय इतर हिंदू समाजांची घरं आहेत, मुस्लिम घरं आहेत. आणि चर्चच्या आसपास ख्रिस्ती वस्ती. चर्च माउंट कार्मेल मातेचं. तिचा सण १६ जुलैला येतो, म्हणजे ऐन पावसात, जेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि शेतात लावणी चाललेली असते.

बाहेरून बघणाऱ्याला वस्ती-वस्तीत मोठा फरक जाणवत नाही. कौलारू घरं, पुढे ओटी, मागे परस. दुकानात, एसटीत, ग्रामपंचायतीत, शाळेत सगळ्यांची बोली मराठीच. पण ख्रिस्ती वस्तीतल्या घरात आई मुलाला हाक मारते, आजी सुनेशी बोलते, ती भाषा ऐकली की पाहुणा थांबतो. कोकणी वाटते, पण कोकणी नाही. मराठीची चाल आहे, पण शब्द ओळखीचे नाहीत. गावातले लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात. अर्थ अगदी साधा, ‘आमची भाषा’. काही जण ‘क्रिस्ती’ असंही म्हणतात. पुस्तकात तिचं नाव ‘कोर्लई पोर्तुगीज’ किंवा ‘कोर्लई क्रिओल’ असं सापडेल. क्रिओल म्हणजे दोन वेगळ्या भाषांची माणसं कायमची एकत्र राहायला लागली की त्यांच्या मुलांच्या तोंडी जी तिसरीच भाषा तयार होते, ती.

ती बोलणारे किती? अभ्यासकांचा अंदाज साडेसातशे ते एक हजार असा आहे. आपल्याकडे एखाद्या बऱ्या लग्नाला याहून जास्त माणसं जेवून जातात.

पोर्तुगीज गेले, भाषा राहिली

हे झालं कसं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. पोर्तुगीज चौलला आले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत त्यांची गुजरात आणि इजिप्तच्या एकत्रित आरमाराशी मोठी लढाई झाली, तीत ते हरले. पण पाय रोवले ते रोवलेच. १५२१ च्या सुमारास निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी आजच्या रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. आगरकोट आणि सातखणी मनोरा ही त्याचीच उरलेली खूण. समोरच्या, म्हणजे कोर्लईच्या डोंगरावर कोणी तोफा चढवल्या तर रेवदंडा जगणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. १५९४ मध्ये निजामशहाने तिथे तटबंदी उभारली आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी इथे वेढा दिला. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी, १७४० मध्ये, तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

इथवरचा इतिहास शाळेत थोडाफार होतो. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. अधिकारी गेले, व्यापारी गेले, श्रीमंत घराणी गोव्याला निघून गेली. मग मागे राहिलं कोण? राहिले ते ज्यांना जायला दुसरीकडे जागाच नव्हती. पोर्तुगीज शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं केली होती, त्यांची मुलंबाळं. घरकाम करणारे चाकर, शेतात राबणारे, धर्म बदललेली इथलीच गोरगरीब माणसं. मालकाशी बोलता बोलता त्यांची एक मोडकी पोर्तुगीज तयार झाली होती, आणि एका पिढीनंतर ती मुलांची पहिली भाषा झाली. मालक गेल्यावर ही माणसं खाडीच्या या काठावर, कोर्लईला एकवटली.

दमण आणि दीवलाही अशा भाषा आहेत. पण तिथे पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होतं, दरबारी पोर्तुगीजचा आधार होता. कोर्लईला तो आधार नव्हता. पावणेतीनशेहून जास्त वर्षं या माणसांनी ही भाषा राज्याशिवाय, शाळेशिवाय, लिपीशिवाय, एका वस्तीच्या जोरावर चालवली आहे.

का टिकली, याचं उत्तर जरा अवघड आहे

‘आपली संस्कृती जपली’ असं कौतुकाने लिहिणं सोपं आहे. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या भाषेवर अनेक वर्षं काम केलं, १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या मांडणीतून जी कारणं समोर येतात ती तितकी गोड नाहीत. ही माणसं ख्रिस्ती म्हणून शेजारच्या हिंदू आणि मुस्लिम समाजापासून वेगळी. त्यात मुळात खालच्या मानल्या गेलेल्या जातींमधून आलेली, म्हणून आणखी वेगळी. बेटीव्यवहार नाही, एकत्र जेवणखाण नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. म्हणजे भाषा जपण्यासाठी कोणी ठराव केला नव्हता. बोलायला दुसरं माणूसच जवळ येत नव्हतं, म्हणून ती राहिली.

वसईचं उदाहरण शेजारी ठेवून बघा. तिथे पोर्तुगीज सत्ता मोठी होती, ख्रिस्ती समाज कितीतरी पटीने मोठा. तरी आज वसईतल्या ख्रिस्ती घरांत कादोडी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली आहेत. संख्येने मोठा समाज आपली मूळ बोली घेऊनच धर्मांतरित झाला. मुंबईतही एकेकाळी पोर्तुगीज क्रिओल बोलणारे होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ती बोली विरून गेली. उरली ती इथे, कारण कोर्लईकडे येण्याचं कोणाला कारणच नव्हतं.

चर्चचाही हात होताच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे पोर्तुगीज जाणणारे पाद्री असायचे, त्यामुळे थोडी पोर्तुगीज कानावर पडत राहिली. १९६२ ते १९६५ मध्ये व्हॅटिकनला मोठी धर्मपरिषद झाली, जगभर लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाल्या. कोर्लईत लोकांची भाषा म्हणून कोणती निवडली गेली? मराठी. म्हणजे रोमने सांगितलं, तुमच्या भाषेत देवाचं नाव घ्या, आणि या लोकांच्या घरातली भाषा तेव्हाही दाराबाहेरच राहिली. अर्थात पाद्रीबाबांना ती येत नव्हती आणि तिच्यात छापलेलं पुस्तकही नव्हतं, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हेही तसं कठीणच.

मराठीचीच मावसबहीण

आता भाषेबद्दल थोडं, कारण गंमत इथेच आहे. ऐकणारा म्हणतो ‘ही तर पोर्तुगीज’. लिस्बनहून आलेला माणूस मात्र अर्धं वाक्य समजतो आणि गडबडतो. कारण शब्द बरेचसे पोर्तुगीज असले तरी वाक्याची घडी मराठी आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं, म्हणजे ‘मी खातो भात’ अशा क्रमाने. कोर्लईत ते हळूहळू सरकत शेवटी गेलं, आपल्यासारखं ‘मी भात खातो’.

त्याहून भारी गोष्ट क्रियापदांची. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गट असतात. कोर्लईकरांनी मराठीतून भराभर क्रियापदं उचलली, पण ती या तीन गटांत बसेनात. मग त्यांनी चौथा गट तयार केला. मराठीतून आलेलं क्रियापद असलं की त्याच्या शेवटी ‘उ’ लावायचा आणि पुढे आपल्या पद्धतीने चालवायचं. कोणी व्याकरणकार बसवला नव्हता, शेतात आणि विहिरीवर बोलता बोलता लोकांनीच नियम केला. मराठी शब्दाला घरात घेतलं, पण त्याला वेगळी खोली दिली, असं म्हणा.

आणि हे काही एकतर्फी नाही. तुम्ही आज सकाळपासून किती पोर्तुगीज बोललात मोजून बघा. चावी, पगार, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, घमेलं, मिस्त्री, लिलाव, तुरुंग, हे सगळे त्यांच्याकडून आपल्याकडे आलेले. ‘पाद्री’ त्यांचा आणि ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच. हापूस आंब्याचं नावसुद्धा अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलं. फरक इतकाच की आपण शब्द घेतले आणि विसरून गेलो. कोर्लईने शब्द ठेवले आणि मराठीची चाल घेतली.

पूल झाला

१९८६ मध्ये रेवदंडा आणि साळाव जोडणारा पूल झाला. त्याआधी पलीकडे जायचं म्हणजे तरीवर बसायचं, नाहीतर रोह्याकडून मोठा फेरा. भरती-ओहोटी बघून दवाखाना गाठायचा, वारा सुटला की माल किनाऱ्यावरच. पूल झाल्यावर काही वर्षांतच साळावला पोलादाचा कारखाना उभा राहिला. एसटी वाढली. पोरं रेवदंड्याला, अलिबागला कॉलेजात जाऊ लागली. नोकरीसाठी मुंबई आधीपासून होतीच, ती आणखी जवळ आली.

भाषेच्या अभ्यासात या पुलाचा उल्लेख नेहमी येतो, आणि वाचताना असं वाटतं की पूल झाला नसता तर बरं झालं असतं. हे म्हणणं पलीकडे घर असलेल्यांना शोभतं. बाळंतीण बाईला रात्री होडीतून नेणाऱ्या घराला विचारा, ते काय सांगतील ते उघड आहे. एकटेपणामुळे भाषा टिकली म्हणून कोणाला एकटं ठेवायचं, असा हिशोब होऊ शकत नाही.

पण बदल झालाय हेही खरं. पूर्वी घरातल्या बायकांना दिवसभर ‘नो लिंग’शिवाय चालायचं, आता चालत नाही. शाळा मराठी. टीव्ही हिंदी-मराठी. मोबाईलवर सगळंच. पोरगं शाळेतून आलं की अर्धं मराठीत सांगतं, आजी तिच्या भाषेत उत्तर देते. हे आगरी, कोळी, कातकरी घरांतही रोज घडतं, त्यात नवं काही नाही. फक्त आगरी बोलणारे लाखांत आहेत, इथे हजाराच्या आत-बाहेर. इंग्रजी माध्यमाचं आकर्षण तर जिल्हाभर आहे. आता मांडव्यापर्यंत रो-रो आहे, रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम आहे, किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्या वस्तीच्या जोरावर भाषा उभी आहे, त्या वस्तीतली दहा-वीस घरं जमीन विकून पनवेलला गेली तर काय होईल?

केरळात काय झालं ते बघा. कोचीनलाही अशीच पोर्तुगीज क्रिओल होती, आपल्यापेक्षा जुनी. बोलणारे कमी कमी होत गेले. शेवटचा घरात ती शिकलेला माणूस ऑगस्ट २०१० मध्ये वारला आणि पाचशे वर्षांची भाषा त्या दिवशी संपली. कोर्लईत अजून लहान मुलं ती बोलतात. दोन्हींमध्ये फरक आहे तो एवढाच, आणि हा फरक फार मोठा आहे.

सरकारी कागदावर कोर्लई

गावाची माहिती काढायची म्हणून आपण जनगणनेचं पान उघडतो. गावनिहाय तक्त्यात घरं किती, लोकसंख्या किती, सहा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे, त्यात शेतकरी किती आणि मजूर किती, हे सगळं मिळतं. पण धर्म आणि मातृभाषा गावानुसार प्रसिद्ध होत नाहीत, ते आकडे तालुका-जिल्हा पातळीवर असतात. म्हणजे कोर्लईचं वेगळेपण ज्यात आहे, नेमक्या त्याच दोन गोष्टी गावाच्या पानावर नाहीत. कागदावर कोर्लई आणि शेजारचं कुठलंही गाव सारखंच दिसतं.

तालुका-जिल्ह्याच्या भाषेच्या तक्त्यात तरी सापडेल? तिथेही नाही. २०११ ला देशभरातून लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरवल्या. पण देशात १०,००० हून कमी लोक बोलतात अशी भाषा स्वतंत्रपणे छापतच नाहीत, ती ‘इतर’ मध्ये जाते. १९७१ पासून हाच नियम आहे. शेवटी १२१ भाषांची यादी उरली. कोर्लईच्या पोराटोरांसकट सगळ्यांनी सांगितलं तरी १०,००० होणार नाहीत.

मग सांगून उपयोग काय? उपयोग आहे. छापील यादीत नाव आलं नाही तरी तुम्ही सांगितलेलं नाव त्या मूळ १९,५६९ मध्ये असतं, पुढे कोणी अभ्यास करायला घेतला तर तिथून सुरुवात होते. आणि जे सांगितलंच नाही ते कुठेच नसतं.

हे आत्ता लिहिण्याचं कारण म्हणजे जनगणना २०२७. आधीची २०११ ला झाली होती, २०२१ ची झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पहिला टप्पा घरांच्या यादीचा, दुसरा टप्पा माणसांच्या मोजणीचा, तो आपल्याकडे फेब्रुवारी २०२७ मध्ये. यावेळी जातही नोंदली जाणार आहे आणि मोबाईलवरून स्वतः माहिती भरायची सोयही आहे. गावागावांत यावर गैरसमज भरपूर आहेत, म्हणून दोन-तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कोर्लईकरांनीच असं नाही, घरात आगरी, कोळी, कातकरी बोलणाऱ्यांनीही.

२०११ च्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती. तुम्ही शाळेत कोणती शिकलात किंवा राज्याची भाषा कोणती, हा प्रश्नच नाही. आई लहानपणीच वारली असेल तर तुमच्या लहानपणी घरात जी बोलली जायची ती. गणना करणारे गुरुजी गडबडीत ‘मराठी लिहू ना?’ असं विचारतील. विचारू द्या. तुम्ही तुमचं उत्तर द्या, तेच लिहिणं त्यांचं काम आहे.

दुसरं, मातृभाषा वेगळी सांगितली म्हणजे ‘मराठी येत नाही’ असं होत नाही. २०११ ला मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा वेगळ्या रकान्यात विचारल्या होत्या. मराठी तिथे येते.

तिसरी भीती जास्त खोल आहे. वेगळी भाषा किंवा वेगळा धर्म सांगितला तर रेशनकार्ड, दाखले, योजना यात अडचण येईल असं पुष्कळांना वाटतं. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार एकेका माणसाची माहिती गोपनीय असते, ती दुसऱ्या कुठल्या खात्याला दाखवता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

जाणार असाल तर

किल्ल्यावर जायची वाट कोळीवाड्यातून दीपगृहाकडे आणि तिथून वर. चढ फार नाही, पण सावली कमी, त्यामुळे सकाळी निघालेलं बरं. वरचा माथा इतका चिंचोळा आहे की दोन्ही बाजूंना पाणी दिसतं, एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र. आडव्या भिंती घालून किल्ल्याचे टप्पे केलेत, दरवाजामागून दरवाजा लागतो. पोर्तुगीज शिलालेख आहेत, चर्चचे अवशेष आहेत, पाण्याचं टाकं आहे, आणि तिथेच महादेवाचं मंदिर आणि तुळशी वृंदावनही आहे. समोर खाडीपलीकडे रेवदंड्याचा कोट. त्याच रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि याच मुरुड तालुक्यात पुढे सिद्दींचा जंजिरा. या पट्ट्याला समुद्रामार्गे आलेल्या माणसांची सवय जुनी आहे.

एक विनंती. ख्रिस्ती वस्तीत शिरून ‘जरा पोर्तुगीज बोलून दाखवा ना’ म्हणत मोबाईल पुढे करू नका. बरेच जण करतात, आणि पत्रकार त्यात सगळ्यात पुढे असतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ही भाषा म्हणजे खेळ नाही, सुनेला हाक मारायची सोय आहे. व्हिडिओ काढायचाच असेल तर तो त्या घरच्या पोरांनी काढावा. आजीला स्वयंपाकघरातल्या भांड्यांची नावं विचारावी, मासळीची, भाताच्या कामाची, नात्यागोत्याची. खेळातले शब्द, चिडल्यावरचे शब्दही. दहा-दहा मिनिटांच्या पन्नास फायली झाल्या तरी पुष्कळ आहे, फक्त प्रत्येकीवर तारीख आणि कोण बोलतंय ते लिहून ठेवावं आणि एक प्रत फोनबाहेर कुठेतरी असावी, कारण फोन पाण्यात पडतो. लिहायचं असेल तर देवनागरी चालते. तिची स्वतःची लिपी नाही, आणि गावातल्या पोरांना देवनागरी येतेच.